न दिसणाऱ्या पटलाचा माग : वनस्पतीच्या पेशीतली पटलं घरच्या घरी कशी ओळखायची

कांदा उभा चिरायचा, मीठ लावून हलक्या हाताने चोळायचा आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचा. खेकडा भजी करणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही: सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवायचं, वरून पाणी घालायचं नाही. हे पाणी कांद्याच्या पेशींमधलं असतं. पेशीतून निघताना ते ज्या पडद्यातून गळून आलं, तो पडदा, म्हणजे पेशीपटल, आणि त्याच्या आतली आणखी पटलं कशी मांडलेली असतात ते आपल्याला शोधायचं आहे.

अडचण एकच: पटल दिसत नाही. त्याची जाडी साधारण सात-आठ नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी बारा हजार पटलं बसतील. शाळा-कॉलेजातल्या मायक्रोस्कोपला दोनशे नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, मग भिंग कितीही महागाचं असो. दरवर्षी अकरावीतलं कुणीतरी कांद्याच्या पापुद्र्यातल्या विटांसारख्या रेघांवर बोट ठेवून म्हणतं, "सर, हे बघा पेशीपटल." ती पेशीभित्तिका, म्हणजे पटलाबाहेरची टणक भिंत असते. पटल तिला आतून असं घट्ट दाबून बसलेलं असतं की दोघांमध्ये फट म्हणून दिसत नाही.

म्हणून पटलाकडे बघत बसण्यात अर्थ नाही. ते काय अडवतं, काय सोडतं आणि कशाने फाटतं, एवढं नोंदवत गेलं की त्याची बांधणी आपोआप उलगडते. मी प्रात्यक्षिकं घेतो ती याच क्रमाने: आधी बाहेरचं पटल, मग रिक्तिकेचं (पेशीतल्या रसाच्या पिशवीचं), मग हरितलवकातलं (पानातल्या हिरव्या दाण्यांमधलं).

जमवाजमव

मायक्रोस्कोप कॉलेजात असतो तसा, १० एक्स आणि ४५ एक्सची भिंगं असलेला, पुरतो. घरी करणार असाल तर फोल्डस्कोप चालेल. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनु प्रकाश यांच्या चमूने तयार केलेला हा कागदी मायक्रोस्कोप वस्तू साधारण १४० पट मोठी दाखवतो. दोन्ही नसतील तर बीट, पालक आणि केळं यांचे प्रयोग करा. त्यांना डोळे पुरतात.

बाकीचं सामान: नवं ब्लेड, चिमटा, स्लाइड आणि कव्हरस्लिप, ड्रॉपर, टीपकागद, स्वयंपाकाचा तापमापक, मीठ, साखर, भांडी घासायचं लिक्विड, केमिस्टकडचं ग्लिसरीन आणि सर्जिकल स्पिरिट. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. बोअरचं जड पाणी घेतलंत तर त्यातलं कॅल्शियम आपला हिसका दाखवतं: पटल भित्तिका लवकर सोडत नाही आणि आकसलेल्या पेशी वेड्यावाकड्या, खाचाखोचांच्या दिसतात.

झाड हवं ऱ्हिओचं. नाव माहीत नसलं तरी तुम्ही ते पाहिलेलं असतं. सोसायटीच्या कुंपणाकडेला, रस्त्याच्या दुभाजकात, वरून हिरवी आणि खालून जांभळी, तलवारीसारखी पानं. नाहीच मिळालं तर लाल कांदा घ्या. त्याच्या रसाळ पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा गुलाबी पापुद्रा चालतो. आतल्या बाजूचा पापुद्रा सहज निघतो खरा, पण तो बिनरंगी असतो आणि नवख्याला त्यात काही कळत नाही.

पहिली पायरी : पापुद्रा काढणं

ऱ्हिओचं पान जांभळी बाजू वर करून धरा आणि तिरकं, एका झटक्यात फाडा. फाटलेल्या कडेला पारदर्शक जांभळट पट्टी लोंबताना दिसेल. नखाच्या टोकाएवढा तुकडा ब्लेडने कापा आणि लगेच स्लाइडवरच्या पाण्याच्या थेंबात सोडा. हवेत अर्धा मिनिट राहिला तरी कडा वळतात. कव्हरस्लिप आधी एका बाजूने टेकवून मग सावकाश आडवी करा, बुडबुडे अडकणार नाहीत.

१० एक्सखाली फरसबंदीसारख्या षटकोनी पेशी दिसतात, काठोकाठ गुलाबी-जांभळ्या भरलेल्या. मधूनमधून हिरव्या ठिपक्यांच्या जोड्या, त्या पर्णरंध्रांच्या रक्षक पेशी. इथे घाई करू नका. रंग नेमका कुठे आहे ते बघा. तो भित्तिकेत नाही, पेशीद्रव्यातही नाही, तो रिक्तिकेत आहे. वाढ झालेल्या पेशीची ऐंशी-नव्वद टक्के जागा एकटी रिक्तिका खाते, म्हणून सगळी पेशीच रंगीत वाटते. पेशीद्रव्य हा रिक्तिका आणि भित्तिका यांच्यामध्ये चेपलेला पातळ लेप असतो, पुरणपोळीच्या पारीसारखा.

दुसरी पायरी : मिठाचं पाणी

पाच ग्रॅम मीठ १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. कव्हरस्लिपच्या एका कडेला या पाण्याचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टीपकागदाचा तुकडा टेकवा. कागद जुनं पाणी ओढून घेईल तसतसं मिठाचं पाणी पापुद्र्यावरून सरकेल. डोळा भिंगाला लावूनच ठेवा, कारण पाहण्यासारखं आहे ते पहिल्या दोन-तीन मिनिटांत.

गुलाबी रंग आधी कोपरे सोडतो. मग एका बाजूने आत येतो, आणि शेवटी षटकोनी चौकटीच्या मधोमध गडद गुलाबी गोळा उरतो. पाठ्यपुस्तकात याला रससंकुचन म्हणतात. या एका दृश्यात तीन गोष्टी कळतात. चौकट जागची हलली नाही, म्हणजे भित्तिका वेगळी आणि पटल वेगळं. पाणी गेलं पण रंग गेला नाही, उलट गडद झाला, म्हणजे पटल निवड करतं. आणि तिसरी गोष्ट तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: भित्तिका आणि गोळा यांच्यामधल्या जागेत काय असतं? पोकळी नव्हे, मिठाचं पाणी. भित्तिका मिठाला अडवतच नाही.

आता त्याच रीतीने साधं पाणी ओढा. गोळा फुगून पुन्हा चौकट भरतो. इथेही धीर हवा. एकदम भरपूर पाणी सोडलंत तर काही पेशी फुटतात आणि त्यांचा रंग पुसल्यासारखा नाहीसा होतो.

मोजमापाची हौस असेल तर मिठाऐवजी साखरेची ४, ६, ८, १०, १२ टक्क्यांची पाणी करा. प्रत्येकात वेगळा पापुद्रा वीस मिनिटं ठेवा आणि पन्नास-पन्नास पेशी मोजा. ज्या पाण्यात निम्म्या पेशींनी कोपरे सोडले, त्याचा परासरणी दाब, म्हणजे पटलापलीकडचं पाणी ओढून घेण्याचा जोर, आणि पेशीरसाचा दाब जवळपास सारखा. अंदाज यावा म्हणून सांगतो, १० टक्के साखरेच्या पाण्याचा दाब सुमारे सात वातावरणांइतका भरतो. गाडीच्या टायरमध्ये हवा भरतो ती दोन-सव्वादोन. एवढा जोर ते सात नॅनोमीटरचं पटल स्वतः पेलत नाही. तो भित्तिका पेलते, पटल फक्त तिला टेकून उभं असतं.

हीच रीत ह्यूगो द व्हरीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये वापरली, आणि त्याने निवडलेल्या वनस्पतींमध्ये आपला ऱ्हिओही होता. तेव्हा त्याला ट्रॅडेस्कँशिया म्हणत, आता वर्गीकरण फिरून पुन्हा त्याच नावावर आलं आहे. पुढे १९०० मध्ये मेंडेलचे नियम नव्याने उजेडात आणणाऱ्यांत जो द व्हरीस होता, तो हाच.

पेशी आकसत नसतील तर

बहुतेक वेळा त्या मेलेल्या असतात. एकदा बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी वेळ वाचावा म्हणून आदल्या दिवशीच पापुद्रे काढून कुणीतरी स्पिरिटमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी एकाही पेशीने कोपरा सोडला नाही. सोडणार कसा, स्पिरिटने पटलाची चाळण केली होती आणि रंगही धुऊन गेला होता. गंमत म्हणजे त्या तुकडीतल्या प्रत्येक पोराच्या उत्तरपत्रिकेत गुलाबी गोळ्यांची सुबक आकृती होती आणि खाली 'रससंकुचन स्पष्ट दिसले'. मार्कही मिळाले. पण तो फसलेला प्रयोगच मला जास्त शिकवणारा वाटतो. मेलेल्या पेशीची भित्तिका शाबूत असते, पटल निकामी असतं, आणि पटल निकामी झालं की परासरण संपलं. आता मी दरवर्षी मुद्दाम एक पापुद्रा स्पिरिटमध्ये बुडवून ताज्या पापुद्र्याशेजारी ठेवतो.

दुसरं कारण, पापुद्र्याला हिरवा गर चिकटून येतो आणि जाड थरात काही दिसत नाही. तुकडा फेका, दुसरा काढा.

तिसरी पायरी : ग्लिसरीन

हा भाग अभ्यासक्रमात नाही, पण पटल कशाचं बनलंय याचा पहिला सुगावा इथे लागतो. एका स्लाइडवर १५ टक्के साखरेचं पाणी, दुसरीवर पाच टक्के ग्लिसरीनचं. दोन्हींत पेशी आकसतात. कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलिन लावून बंद करा, नाहीतर पाणी उडून प्रयोग बिघडेल. मग दर पंधरा मिनिटांनी डोकावा. साखरेतला गोळा होता तसाच राहतो. ग्लिसरीनमधला, तुम्ही काहीही न करता, हळूहळू परत फुगायला लागतो. कधी तासाभरात, कधी त्याहून बराच उशिरा.

ग्लिसरीनचा रेणू लहान असतो आणि सावकाश का होईना पटलातून आत शिरतो. तो आत गेला की पाणी मागोमाग जातं. साखरेचा रेणू मोठा, त्याला आपल्या बळावर आत जाता येत नाही. १८९० च्या दशकात झुरिकमध्ये अर्नेस्ट ओव्हरटन याने असे शेकडो पदार्थ वनस्पतींच्या पेशींवर घालून पाहिले. जे तेलात चांगलं विरघळतं तेच झपाट्याने आत शिरतं, असं त्याच्या ध्यानात आलं. म्हणजे पेशीभोवतीचं कवच स्निग्ध पदार्थांचं असणार. तेव्हा कुणी पटल पाहिलेलंही नव्हतं.

चौथी पायरी : बीट, आणि दुसरं पटल

बीट सोला आणि एकेक सेंटिमीटरच्या आठ फोडी करा. नळाखाली धुवा, मग पाणी बदलत दहा मिनिटं भिजत ठेवा. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. सुरीने कापलेल्या पेशींचा रंग धुऊन गेला नाही तर प्रत्येक ग्लास लाल दिसेल आणि तुलनेला काही उरणार नाही.

आठ ग्लासांत प्रत्येकी ५० मिलिलिटर. पहिल्यात साधं पाणी. दुसऱ्यात २० टक्के साखरेचं पाणी. तिसऱ्यात पाणी आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. चौथ्यात स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं. पुढच्या तिन्हींत साधं पाणीच, पण त्यात टाकायच्या फोडी आधी अनुक्रमे ४५, ५५ आणि ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलेल्या. आठव्यात रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग वितळवलेली फोड. अर्ध्या तासाने सगळे ग्लास पांढऱ्या कागदासमोर रांगेत मांडा.

साधं पाणी जेमतेम गुलाबी. साखरेच्या ग्लासातली फोड मऊ पडते, पण पाणी फारसं रंगत नाही: पेशींनी पाणी सोडलं, रंग सोडला नाही. ४५ अंशांची फोड साध्या पाण्यातल्या फोडीपेक्षा फार वेगळी नसते. ५५ ला रंग उठून दिसतो आणि ६५ ला पाणी सरबतासारखं होतं. लिक्विड, स्पिरिट आणि फ्रीझर यांचे ग्लासही लाल. तुमचे आकडे दोन-चार अंशांनी इकडेतिकडे होतील, पण पन्नास ते साठच्या दरम्यानची उडी चुकत नाही. फोडी उकळू मात्र नका. बीटाचा रंग जास्त उष्णतेने स्वतःच फिका, तपकिरी पडतो.

बीटाचा रंग रिक्तिकेत असतो. ग्लासात यायला त्याला आधी रिक्तिकेभोवतीचं पटल, मग बाहेरचं पेशीपटल, अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. रिक्तिकेच्या पटलाला टोनोप्लास्ट म्हणतात आणि ते नाव १८८५ मध्ये द व्हरीसनेच दिलं. सोऱ्याच्या पाण्यात ठेवलेल्या पेशींत बाहेरचं पेशीद्रव्य मरून गेलं तरी रंगीत रसाचा फुगा बराच वेळ शाबूत राहतो, हे त्याने पाहिलं. म्हणजे त्या फुग्याला स्वतःचं, वेगळं आणि जास्त चिवट पटल असणार.

तुटण्यावरून बांधणी

आता ग्लासांची रांग उलट वाचा. लिक्विड तेलकटपणा विरघळवतं आणि त्याने पटल फाटलं, म्हणजे पटलात स्निग्ध पदार्थ आहेत. अंड्याचा पांढरा तापून गोठतो तशी पन्नास-साठ अंशांना प्रथिनं बिघडू लागतात, आणि पटल तिथेच गळलं, म्हणजे पटलात प्रथिनंही आहेत. बर्फाच्या अणकुचीदार स्फटिकांनी ते भोसकलं गेलं, म्हणजे ते नाजूक आहे. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी जे चित्र मांडलं ते याच मालमसाल्याचं: फॉस्फोलिपिडच्या, म्हणजे डोक्यावर फॉस्फेट असलेल्या स्निग्ध रेणूंचे दोन थर, पाण्याला भिणाऱ्या शेपट्या आत आणि पाणी आवडणारी डोकी बाहेर. त्यात रुतलेली, बरीचशी इकडून तिकडे तरंगत सरकणारी प्रथिनं.

'तरंगत' हा शब्द महत्त्वाचा. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला खोबरेलाची बाटली घ्यावी तर तेल गोठलेलं, आणि शेजारी शेंगदाण्याचं तेल मात्र पातळच. खोबरेलाच्या मेदाम्लांच्या शेपट्या बहुतेक सरळसोट असतात, त्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. शेंगदाण्याच्या तेलातल्या पुष्कळ शेपट्यांना दुहेरी बंधामुळे बाक असतो, त्या दाटीने बसत नाहीत. झाडं हीच युक्ती करतात. थंडी पडायला लागली की रब्बीचा गहू आपल्या पटलांत बाक असलेल्या शेपट्यांचं प्रमाण वाढवतो, म्हणजे गारठ्यातही पटल प्रवाही राहतं. केळीला हे जमत नाही. तिच्याकडे शेवटी येऊच.

या थरांत स्टेरॉल नावाचे स्निग्ध रेणूही असतात. प्राण्यांत कोलेस्ट्रॉल, झाडांत मुख्यतः सिटोस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल आणि कॅम्पेस्टेरॉल. तेलाच्या पुड्यावर मोठ्या अक्षरांत 'कोलेस्ट्रॉल-फ्री' छापतात त्याचं मला नेहमी हसू येतं. करडईत किंवा सूर्यफुलात कोलेस्ट्रॉल नाममात्रच असतं, काढून टाकायला होतंच कुठे?

प्रथिनांची कामं वाटलेली असतात. पाण्यासाठी अ‍ॅक्वापोरिन नावाची भोकं असतात. माणसात त्यांचे १३ प्रकार, तर अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या झाडात ३५. जागेवरून हलता येत नाही, मग पाण्याचा हिशेब जास्त काटेकोर ठेवावा लागतो. दुसरं मोठं प्रथिन म्हणजे प्रोटॉन पंप. तो ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे आयन पेशीबाहेर ढकलतो. त्यातून पटलाच्या दोन बाजूंमध्ये साधारण १२० ते २०० मिलिव्होल्टचा फरक तयार होतो, आणि मुळं नायट्रेट, पोटॅश वगैरे आत ओढतात ती या फरकाच्या जोरावर. तिसरं असतं भित्तिकेचं सेल्युलोज विणणारं, सहा पाकळ्यांच्या फुलासारखं प्रथिनांचं कडं. भित्तिकेतलं दुसरं द्रव्य, पेक्टिन, गॉल्गी संकुलात (पेशीतल्या माल बांधून पाठवणाऱ्या पटलांच्या चवडीत) तयार होऊन पुड्यांतून पटलापर्यंत येतं, पण सेल्युलोजचा धागा थेट पेशीपटलावरच कातला जातो. विदर्भातल्या कापसाचं बोंड हातात घ्या: त्यातला एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीची एकेक पेशी. अडीच-तीन सेंटिमीटर लांब वाढलेल्या त्या एका पेशीचं सगळं सेल्युलोज तिच्या पटलाने काततकातत बाहेर घातलेलं असतं.

पाचवी पायरी : हायड्रिला

मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात हायड्रिलाची काडी मिळते. टोकाजवळचं कोवळं पान तोडून पाण्याच्या थेंबात ठेवा. पान दोनच पेशी जाड असतं, पापुद्रा काढायला नको. मायक्रोस्कोपचा दिवा चालू ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा. मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींत हिरवे दाणे, म्हणजे हरितलवकं, भिंतीच्या कडेकडेने रांगेत फिरू लागतात, प्रदक्षिणा घातल्यासारखे. मध्यभागी मात्र कुणी जात नाही, कारण तिथे रिक्तिका आहे. टोनोप्लास्ट दिसत नसलं तरी त्याची हद्द हे दाणे आखून देतात. याच पातळ लेपात आंतर्द्रव्यजालिका हे पटलांच्या नळ्यांचं जाळं पसरलेलं असतं. तिचं पटल केंद्रकाच्या बाहेरच्या पटलाशी सलग असतं. केंद्रकापासून जालिका, तिथून पुड्या भरून गॉल्गी, गॉल्गीपासून पेशीपटल किंवा टोनोप्लास्ट, असा पटलाचा माल सतत वाहत असतो.

सहावी पायरी : पालक

बीट उकडलं की पाणी लालभडक होतं. पालक उकडला तर पाणी जेमतेम पिवळट-हिरवं. पण पालकाला फोडणी दिली की तेलाला हिरवट झाक येते. रंग तोच पानातला, मग पाण्यात का उतरत नाही?

चार पानं कुस्करून दोन वाटण करा, एक पाण्यात, एक स्पिरिटमध्ये. स्पिरिट भडकतं, म्हणून गॅसजवळ नको. दोन्ही फडक्यातून गाळा आणि काचेच्या ग्लासात उजेडासमोर धरा. पाण्यातलं हिरवं पण गढूळ असतं, तासाभराने हिरवा साका खाली बसू लागतो. स्पिरिटमधलं स्वच्छ, आरपार हिरवं. पाण्यात रंग विरघळलेलाच नव्हता, हरितलवकांचे तुकडे नुसते तरंगत होते. हरितद्रव्य रिक्तिकेच्या रसात नसतं, ते हरितलवकाच्या आतल्या थायलाकॉइड नावाच्या पटलातल्या प्रथिनांना बांधलेलं असतं.

आता खोटी नोट ओळखायची जांभळ्या उजेडाची टॉर्च आणा आणि अंधारात दोन्ही ग्लासांवर बाजूने मारा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. स्पिरिटचा ग्लास रक्तासारखा लाल चमकतो, पाण्याचा कितीतरी मंद. पटलात बसलेलं हरितद्रव्य मिळालेली ऊर्जा शेजाऱ्याला देऊन टाकतं. पटलातून सुटं झालेल्याला शेजारीच नाही, मग ती लाल उजेड होऊन बाहेर पडते. रेणू तोच, पण रांग मोडली की काम बंद. मुलांच्या तोंडून 'आईशप्पथ' हमखास निघतं ते या प्रयोगाला.

थायलाकॉइडची मांडणी भाकऱ्यांच्या चवडीसारखी असते, आणि चवडी एकमेकींना सुट्या पटलांनी जोडलेल्या. पाण्याचं विघटन करणारी यंत्रणा, म्हणजे फोटोसिस्टिम दोन, मुख्यतः चवडीच्या आत दाटीने असते. उजेड पकडणारी दुसरी यंत्रणा, फोटोसिस्टिम एक, आणि एटीपी हा पेशीचा ऊर्जेचा रेणू तयार करणारं प्रथिन सुट्या भागात. एटीपीवालं प्रथिन एवढं बाहेर डोकावतं की दोन भाकऱ्यांच्या फटीत ते मावतच नाही. या पटलातले सुमारे तीन-चतुर्थांश स्निग्ध रेणू फॉस्फोलिपिड नसतात. त्यांच्या डोक्यावर फॉस्फेटऐवजी गॅलॅक्टोज ही साखर असते. जमिनीत मोकळं फॉस्फरस कमीच मिळतं, आणि साखर तर झाड स्वतः करतं. फॉस्फरसचा तुटवडा वाढला तर झाड बाकीच्या पटलांतही फॉस्फोलिपिडच्या जागी असे साखरेचे रेणू बसवतं. डीएपी या फॉस्फरसच्या खताच्या गोणीचा भाव त्यालाही कळत असावा.

इथवर आलात की वहीत एक हिशेब मांडा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पेशीबाहेरून निघून साखर तयार होते त्या जागेपर्यंत किती पटलं ओलांडतो? पेशीपटल एक, हरितलवकाचं बाहेरचं दोन, आतलं तीन. आणि ज्या पाण्याचं विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो, त्याला थायलाकॉइडच्याही आत जावं लागतं, म्हणजे चार. प्रत्येक पटल वेगळं वाटून घ्या, प्रत्येकाशेजारी त्यातलं एक प्रथिन लिहा. तयार आकृती पाठ करण्यापेक्षा हे डोक्यात पक्कं बसतं.

भिंतीपलीकडचं

आतापर्यंत आपण पेशी सुटी धरली, पण ती तशी नसते. १८७९ मध्ये एडुआर्ड टँगल या वनस्पतिशास्त्रज्ञाला काजऱ्याच्या बीमध्ये शेजारच्या पेशींच्या भित्तिका ओलांडून जाणारे बारीक धागे दिसले. नंतर त्यांना प्लाझ्मोडेस्माटा हे नाव पडलं. सुमारे पन्नास नॅनोमीटर रुंदीच्या या बोळांतून एका पेशीचं पटल दुसऱ्या पेशीच्या पटलाशी सलग जोडलेलं असतं आणि मधून आंतर्द्रव्यजालिकेची नळी जाते. चाळीतल्या खोल्यांसारखं आहे हे. भिंती प्रत्येकाच्या वेगळ्या, पण साखरेची वाटी इकडून तिकडे जात राहते. बोळ तुमच्या मायक्रोस्कोपखाली दिसणार नाहीत. मात्र रससंकुचन झालेल्या पेशीत ४५ एक्सखाली डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमीजास्त करायची झडप, जवळजवळ बंद करून पाहा. गोळ्यापासून भित्तिकेपर्यंत ताणलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू क्वचित चमकून जातात. १९१२ मध्ये हेख्ट नावाच्या संशोधकाने त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते हेख्टचे तंतू. ते पटलाचेच ओढले गेलेले धागे असतात. इतक्या वर्षांत मला ते नीट दिसले असतील चार-पाच वेळा. न दिसल्यास नाराज होऊ नका आणि जर्नलमध्ये काढूही नका.

सातवी पायरी : फ्रिजमधलं केळं

एकाच फणीतली दोन पिकलेली केळी घ्या. एक ओट्यावर ठेवा, एक फ्रिजमध्ये. दोन दिवसांनी फ्रिजमधल्याची साल काळपट पडलेली असते. १३ अंशांच्या खाली केळीच्या पटलांचा प्रवाहीपणा कमी होतो, ती ताठर होऊन गळू लागतात. रिक्तिकेत कोंडलेली फिनॉल द्रव्यं बाहेर येतात, त्यांना तोपर्यंत वेगळ्या कप्प्यात असलेलं विकर (एन्झाइम) भेटतं आणि साल काळी पडते. चिरलेलं वांगं काळं पडतं ते याच भेटीमुळे, फक्त तिथे पटलं सुरीने फाडलेली असतात.

आता ते केळं बाहेर काढून आणखी एक दिवस ठेवा. साल पुन्हा पिवळी होत नाही. ऱ्हिओची आकसलेली पेशी साध्या पाण्यात सावरली होती, कारण तिचं पटल शाबूत होतं. नोंद झाली की केळं सोलून बघा. आतला गर अजून पांढरा असतो, शिकरण करून टाका.